टँक धुवू नका, पाणी सांभाळा

प्रश्न : मी लातूरला राहते. मुलगा पाचवीत आहे. फेब्रुवारीत त्याच्या वाढदिवसाला काचेच्या गोल भांड्यात तीन गोल्डफिश आणले. आठवड्याच्या आत दोन मेले. दुकानदार म्हणाला, भांडं लहान पडतंय, दोन फुटी टँक घ्या. घेतला, त्यात आणखी तीन मासे सोडले. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आता मे महिन्यात तर टँकरच. टँकर आला की मी टँक पूर्ण रिकामा करते. काच, खडी, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली घासून धुते आणि नवं पाणी भरते. इतकी स्वच्छता ठेवूनही पंधरा दिवसांत दोन मासे गेले. उरलेल्या दोघांपैकी एक पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतो, दुसरा खाऊन झालं की उलटा तरंगतो. सासूबाई म्हणतात, माणसांना पाणी नाही आणि माशांसाठी हंडेच्या हंडे ओतता, त्यापेक्षा गावाकडच्या बारवेत सोडून द्या. मुलगा विचारतो, मी जास्त खायला टाकलं म्हणून मेले का? पुढच्या आठवड्यात गावी लग्नाला जायचंय. काय करू?
– एक आई, लातूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले : ‘इतकी स्वच्छता ठेवूनही’. मासे त्या स्वच्छतेमुळेच गेले असावेत. हे वाचून वाईट वाटेल, पण तुम्ही हयगय केलेली नाही. टँकरच्या दिवशी, घरातली सगळी पिंपं भरायची घाई असताना, तुम्ही दोन फुटी टँक उपसून धुवत होतात. कष्ट कमी पडले नाहीत, ते नको त्या ठिकाणी लागले.

आधी टँकमध्ये काय चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो. टँकमध्ये मासा त्यातच श्वास घेत राहतो. त्याला वाचवतात ते जिवाणू. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर ते बुळबुळीत थर धरून राहतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ विषारी आहेत. नायट्रेट त्यामानाने सौम्य, आणि ते थोडं थोडं पाणी बदलून कमी ठेवता येतं. हे जिवाणू नव्या टँकमध्ये पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टँकला तेवढा अवधी कधी मिळालाच नाही. दर आठ दिवसांनी तो बुळबुळीत थर तुम्ही नळाखाली धुऊन टाकलात, आणि क्लोरीनच्या पाण्याने उरलेसुरले जिवाणूही मेले. म्हणजे दर आठवड्याला टँक पहिल्या दिवसावर येत होता.

त्यात आपल्या भागाची एक खास अडचण आहे. मराठवाड्यातलं भूजल काळ्या पाषाणातून येतं, त्यामुळे बोअरचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं आणि त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, बहुधा ७ च्या वर असतो. जड पाणी गोल्डफिशला मानवतं, त्याची काळजी नको. पण अमोनियाची गोष्ट वेगळी आहे. पीएच ७ आणि तापमान २० अंश असेल, तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ आणि तापमान ३० अंश झालं की तोच भाग सुमारे सात टक्क्यांवर जातो. जी घाण जानेवारीत मासा सोसून नेतो, तीच मे महिन्यात त्याचा जीव घेते. तुमचे दोन मासे आत्ताच का गेले, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

दुसरं कारण टँकरच्या पाण्यातलं. उन्हाळ्यात टँकरमध्ये टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर हात सैल सोडून टाकली जाते. ती माणसांसाठी आवश्यकच आहे, पण क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. असं ताजं पाणी तुम्ही थेट भरत होतात.

आता आजपासून काय करायचं ते. टँक पूर्ण रिकामा करणं बंद. एक पिंप किंवा मोठा टब फक्त माशांसाठी वेगळा ठेवा. टँकर आला की त्यात पाणी भरा आणि तोंड उघडं ठेवून किमान एक दिवस, जमलं तर दोन दिवस तसंच राहू द्या. एअर पंपाची एक नळी त्यात सोडली तर क्लोरीन लवकर उडतं. वर मच्छरदाणीचं कापड बांधा, नाहीतर डास अंडी घालतील. मत्स्यालयाच्या दुकानात ‘अँटी क्लोरीन’ म्हणून थेंबांची बाटली मिळते. तिच्यात बहुधा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट असतं. बाटलीवरच्या मापाने घातलं की क्लोरीन लगेच निघून जातं. टँकरच्या पाण्याला वास येत असेल तर पाणी मुरवूनही हे थेंब घालाच. बोअरचं पाणी असलं तरी एक दिवस ठेवा. जमिनीतून नुकत्या आलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा तुमचा टँक असेल, तर तो वरून थोडा मोकळा ठेवून साधारण ६० लीटर पाणी मावतं. त्यातलं चौथा हिस्सा पाणी, म्हणजे १५ लीटर, एक बादली, दर रविवारी काढायची. साध्या नळीने तळाशी साचलेली घाण ओढत काढा, खडी वरवर हलवत. मुरवलेलं तेवढंच पाणी हळूहळू भरा. बादलीतलं पाणी हाताला टँकच्या पाण्याइतकंच कोमट लागलं पाहिजे. पहिले पाच-सहा आठवडे जिवाणू जमेपर्यंत आठवड्यातून दोनदा, आणि अमोनिया जास्त निघाला तर एक दिवसाआड हे करावं लागेल. त्यासाठी अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबवालं टेस्ट किट मागवा. महागड्या खडीऐवजी, शिंपल्यांच्या शोभेऐवजी आधी यावर पैसे खर्च करा, असं मी आग्रहाने सांगेन. दोन्ही आकडे शून्य आले पाहिजेत, अमोनिया लीटरमागे ०.२५ मिलिग्रॅमच्या वर दिसला की एक बादली बदलायची. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळायचा. तो पिवळट, काळपट दिसेल. दिसू द्या, तोच कामाचा आहे. ओळखीत कुणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या स्पंजचं पिळलेलं पाणी एक तांब्याभर मागून आणा आणि तुमच्या फिल्टरजवळ ओता. जिवाणू खूप लवकर जमतील.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचा राग मला पूर्ण समजतो. ज्या लातूरने २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने आलेलं पाणी वाटून घेतलं, त्या शहरातल्या बाईला पाणी ओतलेलं बघवणार नाहीच. त्यांना सांगा, दर आठवड्याला ६० लीटर जात होतं, घडी बसली की १५ जाईल. आणि ती बादली गटारात ओतायची नाही. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडांचं खतच. कढीपत्ता, मोगरा, कुंडीतला पुदिना, जे असेल त्याला घाला. तेवढं चांगलं पाणी तसंही तुम्ही झाडांना देतच असाल. बादली सासूबाईंच्याच हाती देऊन बघा.

पिण्याच्या जारचं आरओ पाणी मात्र बदलायच्या पाण्यासाठी वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच एकदम घसरू शकतो. उन्हाळ्यात टँकचं पाणी आटून पातळी खाली जाते, ती भरायला एखादा तांब्या आरओचा चालेल. आटताना क्षार मागेच राहतात, त्यात आणखी भर पडत नाही.

पहाटे वर येऊन तोंड उघडणाऱ्या माशाचं ऐका. तो भुकेला नाही, त्याला श्वास पुरत नाही. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, मूळचा चीनचा. १८ ते २२ अंशांत तो खूष असतो. २० अंशांच्या पाण्यात लीटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. (अमोनिया-नायट्राइटने कल्ले बिघडले तरी मासा असाच धापा टाकतो, म्हणून त्या दिवशी आधी बादलीभर पाणी बदलाच.) टँक खिडकीपासून आणि पत्र्याखालून हलवा, घरातल्या सगळ्यात थंड भिंतीशी, शक्यतो खालच्या मजल्यावर. हलवताना मासे आणि स्पंज त्याच पाण्याच्या बादलीत ठेवा. पाण्याने भरलेला टँक उचलला तर काचेचे जोड उसवतात. वरचं झाकण काढून जाळी टाका आणि छोटा पंखा असा लावा की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाईल. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठातलं पाणी जसं गार होतं तसंच हे दोन-तीन अंशांनी उतरतं. दुपारी फारच तापलं तर गोठवलेली पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवा, पण एकच आणि थोडा वेळ. तासाभरात एक-दोन अंशांहून जास्त उतार माशाला झेपत नाही. बर्फाचे खडे थेट टाकू नका. एवढं केलं आणि हवा चोवीस तास चालू ठेवली, तर पाणी ३० अंशांवर गेलं तरी गोल्डफिश तग धरतो.

लाईट जाण्याची तयारी आधीच हवी. मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, तो टँकशेजारीच ठेवा. तोही नसेल तर दर अर्ध्या तासाने टँकमधलंच पाणी तांब्यात घेऊन वीतभर उंचीवरून परत ओता, दहा-पंधरा वेळा. लाईट नसताना खायला घालू नका. तुमचा फिल्टर डबाबंद असेल आणि लाईट बरेच तास गेली असेल, तर आतलं नासलेलं पाणी फेकून, स्पंज टँकच्या पाण्यात हलका पिळूनच तो पुन्हा सुरू करा. टँकच्या पाण्यात उघडा असणारा साधा स्पंज फिल्टर आपल्या भागात जास्त भरवशाचा आहे, आणि स्वस्तही.

हिवाळ्यात हीटर घ्यायला सांगतील, घेऊ नका. परभणीची थंडी दहा अंशांखाली जाते, तरी घरातला गोल्डफिश ती सहज सोसतो. तेव्हा फक्त खाणं कमी करा.

उलटा तरंगणारा मासा गोल पोटाचा, दोन शेपट्यांचा असणार. त्या जाती माणसाने निवडून आखूड केल्या आहेत. पोटात आतडं आणि हवेची पिशवी दाटीवाटीने बसलेली असते. गोल्डफिशला जठर नसतं, त्यामुळे एका वेळी भरपूर खाणं त्याच्या घडणीतच नाही. कोरडे दाणे वरून गिळले की हवा आत जाते आणि दाणे फुगतात. त्याला दोन दिवस काहीच देऊ नका. तिसऱ्या दिवशी मटारचा एक दाणा उकडून, साल काढून, बारीक तुकडे करून द्या. नंतर रोजचे दाणे दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजवून द्या. बुडणारे दाणे मिळाले तर तेच घ्या. पालकाचं उकडलेलं पान आठवड्यातून एकदा चालतं. बहुतेक मासे यावर सुधारतात. काहींना हा दोष जन्मभर राहतो, तरीही खात-पीत असेल तर तो जगतो. तेव्हा ‘हा गेलाच’ असं समजू नका.

दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरातल्या प्रत्येकाने येता-जाता चिमूट टाकली की हिशोब राहत नाही. सकाळची वेळ मुलाची आणि संध्याकाळची सासूबाईंची, अशी ठरवून टाका. पोळी, भात, चिवडा, पाहुण्यांनी कौतुकाने टाकलेलं बिस्कीट, यातलं काही नको.

आपल्या घरांत माशांना मारणाऱ्या काही गोष्टी अगदी निष्पाप दिसतात, म्हणून त्या मुद्दाम सांगते. गढूळ टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवायची सवय असते. तिच्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना घातक आहे. माशांच्या पिंपात तुरटी नको, गाळ नुसता खाली बसू द्या. मेडिक्लोर घातलेलं पाणीही नको, ते क्लोरीनच आहे. तांब्याच्या हंड्यात मुरवलेलं पाणी आपल्याला चांगलं, माशांना विष. स्टील किंवा प्लास्टिक वापरा. डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन आणि स्प्रे यांतली औषधं माशांना फार कमी प्रमाणातही मारक ठरतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. टँकच्या खोलीत ती नकोत. गावी कापूस-सोयाबीनवर फवारणी होते. त्या कामाची बादली कितीही धुतली तरी टँकसाठी घ्यायची नाही, आणि फवारणी करून आलेल्या हाताने पाण्याला शिवायचं नाही.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, मासा खडीला अंग घासू लागला, तर तो एक परजीवी असतो. त्यावर साधं जाडं मीठ चालतं : लीटरला ३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या ६० लीटरला १८० ग्रॅम, तीन भागांत, दोन भागांमध्ये बारा-बारा तास सोडून, आधी विरघळवून. ते साधारण दोन आठवडे ठेवा. जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचं मीठ पुन्हा घाला, जास्त नाही. मीठ उडून जात नाही. टँकमध्ये खऱ्या वनस्पती असतील तर त्या आधी काढा, आणि हे पाणी कुंड्यांना घालू नका. अंगावर काळे डाग पडले तर घाबरू नका. अमोनियाने भाजलेली जागा भरून येताना बऱ्याचदा तशी काळी होते. दुकानातली निळी-हिरवी औषधं अंदाजाने टाकू नका, त्यातली काही ते जिवाणूही मारतात.

आणखी मासे आणू नका, हे मी हात जोडून सांगते. ६० लीटरमध्ये दोन गोल गोल्डफिश, बस्स. तेही हातभर वाढत नसले तरी वीतभर होतात. लांब, एकशेपटी जात तर त्याहून मोठी होते, तिला हा टँक पुढे पुरणारच नाही. आणि ते गोल भांडं पुन्हा वापरात काढू नका. त्यात फिल्टर बसत नाही, पाण्याचा उघडा भाग कमी, आणि पाच-सात लीटर पाणी एका दिवसात नासतं. लोकांना वाटतं गोल्डफिश दोन-तीन महिन्यांचाच सोबती. तो नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, ४३ वर्षं जगला.

बारवेत सोडायचं नाही. माया म्हणून सुचवलेलं असेल, पण पिंजऱ्यातला पोपट सोडण्याइतकंही ते सोपं नाही. गोल्डफिश तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो आणि आपले रोग तिथे सोडतो. मराठवाड्यातल्या बारवा गावोगावचे लोक आत्ता कुठे गाळ उपसून पुन्हा जित्या करतायत. सांभाळणं झेपलंच नाही, तर टँकसकट कुणा सांभाळणाऱ्याला द्या किंवा दुकानात परत करा.

मुलाच्या प्रश्नाला मात्र पुढे ढकलू नका. त्याला खरं सांगा : जास्त खाणं पाण्यात कुजतं आणि त्याने त्रास होतो हे खरं, पण मासे एका चिमटीने मेले नाहीत. पाणी त्यांना जगू देणारं झालं नव्हतं आणि ते कसं करायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पाचवीतलं पोर जिवाणूंची गोष्ट नीट समजू शकतं. मोठ्यांपेक्षा लवकर समजतं. टेस्ट किटचे थेंब त्याला मोजू द्या, रंग जुळवू द्या, तारीख आणि आकडे वहीत लिहू द्या. रविवारची बादली त्याच्याबरोबर बदला. कुठला मासा धापा टाकतोय, कुठला पंख मिटून तळाशी बसलाय, हे घरात सगळ्यात आधी त्यालाच दिसेल.

आणि लग्न. बिनधास्त जा. मोठा, खाता-पिता गोल्डफिश आठवडाभर न खाता सहज राहतो. तुमचे मासे लहान असले तरी चार-पाच दिवसांनी त्यांना काही होणार नाही. उलट्या तरंगणाऱ्याला तर त्या विश्रांतीचा फायदाच आहे. शेजारणीला खायला घालायला सांगू नका, ती मायेपोटी मूठभर टाकेल आणि बघायला कुणी नसताना पाणी नासेल. तिच्याकडे किल्ली द्यायची ती दुसऱ्या कामासाठी : दिवसातून एकदा येऊन एअर पंप चालू आहे का, पंखा फिरतोय का, पाण्याची पातळी फिल्टरच्या खाली गेली नाही ना, एवढं बघायला. निघायच्या आदल्या दिवशी एक बादली बदला, पिंप भरून ठेवा, आणि परत आल्यावर पहिल्यांदा खाणं टाकण्याआधी अमोनिया मोजा.